जुनी मारुती धूर मारतेय? इंजिन उघडायच्या आधी हे करून बघा

जुनी मारुती ८०० नाहीतर ओम्नी मागून निळा धूर सोडायला लागली की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, रिंगा गेल्या, इंजिन काम काढावं लागणार. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, दाब वर धरणारी आणि ऑइल खाली ठेवणारी. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण दरवेळी नसतं, आणि जेव्हा नसतं तेव्हा किरकोळ किमतीच्या वॉल्व्ह सीलसाठी (वॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं ऑइल अडवणारं रबर) किंवा चोंदलेल्या एका रबरी पाइपसाठी अख्खं इंजिन खाली येतं, आणि एकदा खाली आलं की "आता उघडलंच आहे तर" या नावाखाली काय काय बदललं गेलं ते बिल हातात पडल्यावर कळतं. म्हणून माझं एकच म्हणणं आहे, ऑइल नेमकं कुठून जळतंय ते आधी बाहेरून शोधा, पाना नंतर लावा. आणि उघडलंच तर मग अंदाजाने काही करू नका, मापं घ्या.

मी इथे ८००-ओम्नीचं ते ७९६ सीसीचं तीन सिलेंडरवालं इंजिन धरून लिहितोय. ८०० ही १९८३ ते २०१४ बनली, ओम्नी तर २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे गावागावात अजून चिक्कार चालू आहेत, पार्ट कुठेही मिळतात आणि इंजिन इतकं साधं आहे की थोडीफार हत्यारं असणारा माणूस घरीही हात घालू शकतो. बाकी पेट्रोल गाड्यांनाही बहुतेक हेच लागू, फक्त मापं ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधली घ्यायची.

आधी धूर नीट बघा

सकाळी गारठ्यात गाडी चालू केली की पांढरी वाफ येते, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंब गळतात, आणि पाच-दहा मिनिटांत गाडी तापली की बंद होतं. हे नॉर्मल आहे, यासाठी कुणाला पैसे देऊ नका. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर चालूच असेल, कूलंट कमी होत असेल आणि धुराला गोडसर वास असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं) गेलंय किंवा हेडला तडा, म्हणजे पाणी सिलेंडरमधे चाललंय. डिपस्टिक काढून बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर गाडी तिथेच उभी करा, ते पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. रेडिएटरचं झाकण उघडून बुडबुडे येतात का तेही बघता येतं, पण झाकण फक्त थंड इंजिनवर काढायचं आणि मग गाडी चालू करायची, गरम गाडीचं झाकण फिरवलं की उकळतं पाणी थेट तोंडावर.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. चोक अडकलाय, एअर फिल्टर भरलाय, कार्बोरेटरचा फ्लोट बिघडलाय, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली गाडी असेल तर एखादा सेन्सर. काळ्या धुरावर कुणी रिंगा बदला म्हणत असेल तर तिथून गाडी काढून घ्या.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि आपला विषय तोच. निळा आणि पांढरा यात गोंधळ होतो, म्हणून उन्हात, मागे गडद भिंत किंवा झाडी असेल अशा जागी गाडी उभी करून दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला लावा आणि स्वतः बाजूने बघा. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद मिनिटभर धरा, पाण्याचे डाग वाळून जातात, ऑइलचे तेलकट डाग राहतात. आणि हे सगळं मोकळ्यावर करायचं, बंद शेडमधे नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्याला दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

फसवणारे दोन प्रकार आहेत, ते फारसं कुणी तपासत नाही म्हणून इथेच सांगतो. पहिला, ब्रेक बूस्टर. मास्टर सिलेंडरचं मागचं सील गेलं की ब्रेक ऑइल बूस्टरमधे उतरतं आणि तिथून व्हॅक्यूमच्या पाइपने थेट इंजिनात ओढलं जातं, मागे पांढरा धूर. बाहेर कुठे गळती नसताना ब्रेक ऑइल कमी होत असेल तर हेच. दुसरा, कार्बोरेटरवाल्या गाडीचा मेकॅनिकल पेट्रोल पंप. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमधे उतरतं, ऑइल पातळ होतं, डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते आणि ते पातळ ऑइल रिंगांना आवरत नाही. डिपस्टिक नाकाशी धरा, पेट्रोलचा वास आला तर पंप बदला, ऑइल बदला आणि मग पुन्हा धूर बघा.

धूर कधी येतो यावरून अर्धं निदान होतं

रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली, एक निळा भपका आला आणि मग साफ, असं असेल तर वॉल्व्ह सील. रात्रभरात हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब खाली उतरतं आणि चालू केल्यावर जळून जातं. सिग्नलला दोन मिनिटं उभं राहून निघताना भपका येत असेल तरी बोट तिकडेच.

सगळ्यात चांगली टेस्ट घाटात होते. आमच्याकडचे लोक आंबा घाट उतरून साखरप्याकडे जाताना ती आपोआप करतात. सेकंड गिअरमधे, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, इंजिन ब्रेकिंगवर गाडी उतरवायची. थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय, म्हणजे मॅनिफोल्डमधे व्हॅक्यूम भरपूर, तो व्हॅक्यूम इनलेट वॉल्व्हच्या गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) ऑइल ओढतो. खाली सपाटीला आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा आणि आरशात बघा. मोठा निळा ढग आला आणि विरला तर गाइड-सीलवर संशय घ्यायचा.

उलट घाट चढताना, चार माणसं बसवून, लोडवर सतत निळा धूर येतोय, जेवढं दाबू तेवढा वाढतोय, पिकअप मेलाय, तर मग रिंगा-बोअर (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलेंडरचं भोक). याच्या जोडीला दुसरी खूण बघा, गाडी आयडलिंगला ठेवून टॅपेट कव्हरवरचं ऑइलचं झाकण काढा. थोडी फुरफुर सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, पण धूर जोराने पचापचा बाहेर येत असेल, झाकण नुसतं वर ठेवलं तर उडत असेल, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. पिस्टनच्या वरचा दाब रिंगांना चुकवून खाली चेंबरमधे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागात येतोय.

एअर फिल्टरचा डबा उघडा. आत ऑइल साचलंय, फिल्टर तेलात भिजलाय, हे ८००-ओम्नीत नेहमीचं दृश्य आहे. ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधला दाब बाहेर सोडणारा पाइप तिथे येतो आणि बॅक कॉम्प्रेशन ऑइल घेऊन तिथे पोचतं, मग ते ऑइल पुन्हा इंजिनात ओढलं जाऊन जळतं. इथे एक सोपी चाचणी आहे, ब्रीदरचा पाइप एअर फिल्टरच्या डब्यातून काढा, त्याचं तोंड एका रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत सोडा, बाटली घट्ट बंद करायची नाही, डब्याचं भोक बंद करा आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. धूर जवळजवळ गेला तर ऑइल त्या पाइपाने जात होतं. बाटली कायमची ठेवायची नाही, ती फक्त कारण शोधायला.

स्वस्तातलं आधी

ऑइल मॅक्सच्या खुणेवर जास्त भरलंय का बघा. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आतबाहेरच बसतं, आणि पंपावरचा पोरगा किंवा घाईतला मेकॅनिक साडेतीन लिटरचा डबा पूर्ण ओततो, जास्तीचं ऑइल क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा शाफ्ट) फेटाळतं आणि ते वर जाऊन जळतं. जास्त असेल तर काढा, एवढ्याने बऱ्या झालेल्या गाड्या आहेत.

मग ब्रीदरचे पाइप आणि त्याच रस्त्यातला पीसीव्ही वॉल्व्ह. पाइप काढून रॉकेलने किंवा पेट्रोलने धुवा, आतून काळ्या गाळाने चोंदलेला असतो, रबर फुगून आतून बंद झालेलं असतं. हा रस्ता बंद झाला की चेंबरमधला दाब कुठून तरी बाहेर पडतोच, क्रँकच्या पुढच्या सीलमधून ऑइल गळतं, डिपस्टिक वर उचलली जाते, आणि लोक सील बदलत बसतात.

ऑइल कुठलं आहे? जुन्या झिजलेल्या इंजिनात एकदम पातळ ऑइल घातलं की धूर वाढतो. २०डब्ल्यू-५०सारखं जाड घातलं की कमी होतो. ही दुरुस्ती नाही, वेळ काढणं आहे, पण पैसे जमेपर्यंत सहा महिने काढायचे असतील तर त्यात गैर काही नाही. धूर बंद करणारे जे मधासारखे दाट ॲडिटिव्ह डब्यात मिळतात त्यांचंही काम एवढंच. त्यांचा खरा उपयोग गाडी विकणाऱ्याला होतो, म्हणून जुनी गाडी घ्यायला जाताना मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर समजून घ्या.

आणि ऑइल किती खाते ते मोजा. सपाट जागी, थंड इंजिनवर, डिपस्टिक मॅक्सला आणून किलोमीटर लिहून ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा त्याच जागी बघा. माझ्या मते हजार किलोमीटरला पाव लिटरपर्यंत खाणारी जुनी गाडी आहे तशी चालवत राहावी, डिकीत एक लिटरचा डबा ठेवावा. अर्धा लिटर ओलांडलं की कामाचा विचार. पीयूसीच्या भरवशावर राहू नका, पेट्रोल गाडीला ते मशीन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतं, धुराचा रंग बघत नाही, थोडा निळा धूर असलेली गाडी पासही होऊन जाते.

प्लग आणि कॉम्प्रेशन

तिन्ही प्लग काढून क्रमाने मांडा. एकच प्लग काळा, ओला, तेलकट असेल आणि दोन कोरडे विटकरी असतील तर प्रॉब्लेम एका सिलेंडरचा आहे, अख्ख्या इंजिनाचा नाही. तिन्ही सारखेच तेलकट असतील तर सगळं सारखंच झिजलंय. एखादा प्लग अगदी धुवून काढल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलेंडरमधे पाणी जातंय.

आता कॉम्प्रेशन गेज, म्हणजे पिस्टन सिलेंडरमधे किती दाब तयार करतो ते मोजणारा. ८००-ओम्नीवर काम करणाऱ्या गॅरेजकडे तो नसेल तर गॅरेज बदला. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर काढून ठेवायची, एमपीएफआय असेल तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा (हे विसरलं की रीडिंग कमी येतं आणि चांगलं इंजिन उतरतं), बॅटरी दमदार पाहिजे, आणि प्रत्येक सिलेंडरला पाच-सहा ठोके पडेपर्यंत सेल मारायचा. चांगल्या इंजिनात साधारण १६०-१८० पीएसआय दिसतं. १२० च्या खाली आलं की काम जवळ आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलेंडर-सिलेंडरमधला फरक, १४-१५ पीएसआयपेक्षा जास्त नको.

ज्याचं रीडिंग कमी त्या सिलेंडरमधे प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. रीडिंग चांगलं उसळलं तर रिंगा-बोअर, कारण ऑइलने तात्पुरती फट भरली. जागचं हललं नाही तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट उडालंय.

अजून खात्री हवी असेल तर हवा भरून बघायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला आणायचा, गाडी गिअरमधे टाकून हॅण्डब्रेक ओढायचा, चाकांना अडणी लावायची, प्लगच्या भोकात ॲडॅप्टर बसवून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. फॅन आणि बेल्टपासून हात लांब, क्रँक जरा सरकला की हवा पिस्टनला खाली ढकलते. मग कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुस्स आवाज आला तर रिंगा, कार्बोरेटरमधून आला तर इनलेट वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर गॅस्केट.

आणि इथे एक खाचखळगा आहे. कॉम्प्रेशन उत्तम, पण गाडी ऑइल पितेच, असं होतं. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात, ऑइल खरवडायचं काम तिसऱ्या ऑइल रिंगचं, आणि ती कार्बनमधे चिकटून बसली तर गेजवर काहीच दिसत नाही. उलट सिलेंडरमधे साचलेलं ऑइल रीडिंग वाढवून दाखवतं. ऑइल उशिरा बदललेल्या आणि वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार. अशा वेळी इंजिन उतरवायच्या आधी एक उपाय करून बघण्यासारखा आहे, पिस्टन मधल्या उंचीवर आणून प्रत्येक भोकातून कार्बन क्लीनर ओतायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी प्लग काढलेलेच ठेवून, भोकांवर फडकं टाकून सेल मारायचा म्हणजे राहिलेलं बाहेर उडेल. प्लग लावून सेल मारला तर आतलं पातळ द्रव दाबलं जात नाही आणि कॉन रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वाकतो. मग ऑइल आणि फिल्टर बदलायचेच, कारण निम्मा क्लीनर चेंबरमधे उतरलेला असतो. दरवेळी गुण येत नाही, पण आला तर इंजिन वाचलं.

सील निघाले तर

निदान वॉल्व्ह सीलवर आलं तर काम छोटं आहे. हेड न काढताही करता येतं, प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारायची आणि पिस्टन हाताने वर आणायचा, दोरीच्या गुंडाळीने वॉल्व्ह खालून धरून ठेवला जातो, मग स्प्रिंग दाबून सील बदला. पण या इंजिनात रॉकर शाफ्ट वगैरे काढावंच लागतं, त्यामुळे बहुतेक मेकॅनिक हेडच उतरवतात, आणि मला तेच बरं वाटतं कारण गाइड बघता येतात. वॉल्व्ह थोडा उचलून आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका हलत असेल तर नुसते सील बदलून महिना-दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. गाइड नवे ठोकून, रीमर मारून, सीट कापून, मग वॉल्व्ह पेस्टने घासायचे. घासून झाल्यावर हेड उलटं करून वॉल्व्हवर रॉकेल ओता, पाच मिनिटांत पोर्टमधे ओल आली नाही तर घासणी चांगली झाली. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) बघा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर लेथवर फेस मारून घ्या.

रिंगा निघाल्या तर

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हाफ इंजिन म्हणून जो प्रकार होतो त्यात बहुतेक वेळा काय करतात, हेड आणि चेंबर काढतात, पिस्टन वर ढकलून काढतात, बोअरला हातानेच पॉलिश पेपर मारतात, नव्या स्टँडर्ड रिंगा घालतात, बंद करतात. बोअर झिजून वर रुंद खाली अरुंद झालेला असेल तर नवी रिंग त्यात बसत नाही, दर ठोक्याला उघडझाप करते आणि थोड्याच महिन्यांत धूर परत. शिवाय पॉलिश पेपरचा सगळा कचरा क्रँकच्या बेअरिंगवर पडलेला असतो.

म्हणून बोअर मोजायचा. सिलेंडरच्या वरच्या काठाशी नख फिरवा, नख अडकण्यासारखा कडा लागला तर रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बोअर खाल्लाय. या कड्याला नवी वरची रिंग आपटून तुटतेही. खरं माप बोअर गेजने, वर-मधे-खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, कारण पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिकडे झीज जास्त होते. फरक ०.१० मिमीच्या पुढे गेला की नुसत्या रिंगांचा विषय संपला. बोअर गेज नसेल तर एक जुगाड आहे आणि तो बऱ्यापैकी बरोबर येतो, एक नवी रिंग बोअरमधे घालून पिस्टनने सरळ ढकलायची, कड्याच्या जरा खाली रिंगच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजायची, मग तीच रिंग अगदी तळाला नेऊन पुन्हा मोजायची. दोन्हींतल्या फरकाला ३.१४ ने भागलं की बोअर वर किती रुंद झालाय ते मिळतं. म्हणजे फट वर ०.६५ आणि खाली ०.३० आली तर फरक ०.३५, भागिले ३.१४, म्हणजे जवळजवळ ०.११, चालला लेथवर.

बोअर मर्यादेत असेल तर होनिंग मारून, तिरप्या जाळीसारख्या रेघा आणून, स्टँडर्ड रिंगा चालतात. मर्यादेबाहेर असेल तर ओव्हरसाइज, म्हणजे बोअर ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा करून तेवढेच मोठे पिस्टन. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, पुण्या-मुंबईत तर ठिकठिकाणी बोरिंगवाले आहेत, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, आधी पिस्टन विकत घ्यायचे, ते बोरिंगवाल्याच्या हातात द्यायचे आणि तो प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने बोअर करणार. "पॉइंट पंचवीस करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो" हे कधीही करू नका. पिस्टन-रिंगा कंपनीच्या नाहीतर गोएत्झे, उषा अशा नावाजलेल्या, आणि नेहमीच्या दुकानातून बिल घेऊन, कारण खोक्यावर नाव छापणं सोपं असतं.

ब्लॉक लेथवरून आला की गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवायचा. पेट्रोलने किंवा डिझेलने नाही, होनिंगची बारीक भुकटी तेलात तरंगत राहते आणि रेघांमधे बसून राहते, साबणाच्या पाण्यानेच निघते. पांढरं फडकं बोअरमधे फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच कोरडा करून ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त वगळली जाणारी.

प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलेंडरमधे घालून फट मोजा, ६८.५ मिमीच्या या बोअरला पाव मिमीच्या आसपास असावी. फटच नसेल तर गरम झाल्यावर रिंग फुगून बोअर ओरबाडते. रिंगवरचा मार्क वरच्या बाजूला, तिन्ही रिंगांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना, पिस्टनवरचा बाण पुढे पुलीकडे. कॉन रॉडच्या कॅपची अदलाबदल अजिबात नको, काढतानाच नंबर टाका. पिस्टन पिन प्रेसवर काढा-बसवा, हातोड्याने ठोकली की रॉड वाकतो आणि मग नवा पिस्टन एका बाजूने घासतो. पिस्टन आत सोडताना रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा म्हणजे क्रँकवर चरा पडत नाही, आणि रिंग कॉम्प्रेसर लावून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच, कुठे अडकलं तर थांबा, जोर केला की रिंग गेली.

क्रँक बघितल्याशिवाय बंद करू नका. गरम इंजिनात आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल किंवा खालून ठकठक असेल तर बेअरिंगचं काम याच वेळी. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमधे फिरणारा भाग) मायक्रोमीटरने मोजा, लंबगोल झालं असेल तर ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग. ऑइल पंपाची जाळी साफ करा, टायमिंग बेल्ट नवा टाका.

आणि हेड. खाली नवे पिस्टन आणि वर जुने गाइड-सील असं केलं की धूर कधी कधी आधीपेक्षा वाढतो, लोक लेथवाल्याला शिव्या घालतात, पण झालेलं असतं असं की नव्या रिंगांमुळे व्हॅक्यूम सुधारला आणि तो झिजलेल्या गाइडमधून आता जास्त ऑइल ओढतोय. खालचं काम करायचं तर वरचंही करायचं.

एवढा सगळा खर्च जोडून बघा आणि शेजारी गाडीची बाजारातली किंमत लिहा. १५ वर्षांपुढची असेल तर आरटीओचं रिन्यूअल आणि पर्यावरण करही त्यात धरा. कुर्ल्याच्या बाजारातून सेकंडहॅण्ड इंजिन आणणं स्वस्त पडतं हे खरं, पण ते कॉम्प्रेशन मोजून मगच घ्यायचं, कागद घ्यायचे, आणि इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यायचा, नाहीतर पुढे गाडी विकताना किंवा इन्शुरन्सला अडकाल.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच, बोलेरो, सुमो वगैरेत निळा धूर आला तर रिंगांआधी टर्बो असेल तर टर्बोचं सील बघा, आणि ते गेलेलं असताना गाडी चालवत राहू नका. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन चावी बंद केली तरी पळत सुटू शकतं, तेव्हा ते गिअरमधे टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून बंद पाडावं लागतं.

चालू केल्यावर

ऑइल भरून, प्लग न लावता, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल मारा. मग प्लग लावून चालू करा. पहिल्या दिवशी धूर येणारच, जोडताना लावलेलं ऑइल जळतं आणि जुन्या सायलेन्सरमधे आतून बसलेलं ऑइल तर दोन-चार दिवस जळत राहतं, घाबरून परत उघडू नका. तासन्तास आयडलिंगला ठेवण्याची जुनी पद्धत सोडा, रिंगांना बसायला लोड लागतो. साधं मिनरल ऑइल घालून गाडी रस्त्यावर काढा, वेग कमीजास्त करत चालवा, थर्ड गिअरमधे चांगला ॲक्सिलरेटर द्या आणि सोडा, पण टॉप गिअरमधे गुरगुरवत चढ चढवू नका आणि हायवेला एकाच स्पीडने तासभर पळवू नका. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, निघालेलं ऑइल फडक्यावर गाळून उन्हात बघा, बारीक चमक असतेच, पण नखाला लागणारे कण नकोत.

डिपस्टिकची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. पहिल्या हजार किलोमीटरला थोडं ऑइल खाईल, दुसऱ्या हजाराला कमी व्हायला पाहिजे. दोन हजार झाले आणि खाणं तेवढंच असेल तर पुन्हा कॉम्प्रेशन लावा, ब्रीदर बाटलीत सोडा आणि आकडे घेऊनच मेकॅनिककडे जा.